गरोदरपणातली कावीळ: आईचा धोका वेगळा, बाळाचा वेगळा

प्रश्न: मी सात महिन्यांची गरोदर आहे, पहिलंच बाळंतपण. तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, भूक चांगली आहे. पण घरात सगळे घाबरलेत, कारण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातली एक गरोदर मुलगी काविळीने आठ दिवसांत गेली. सासूबाई म्हणतात, बाळाला अंगावर पाजायचं नाही. कुणी सांगतं, सिझेरियनच करावं लागेल. एक नातेवाईक काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देणार आहेत. मला आणि बाळाला नेमका धोका काय आहे?

उत्तर:

ताई, आधी त्या भीतीचं बघू. पावसाळा, गरोदरपणाचे शेवटचे महिने, डोळे पिवळे आणि आठवड्याभरात मृत्यू, हे वर्णन ऐकलं की आम्हा प्रसूतितज्ज्ञांच्या मनात पहिल्यांदा हिपॅटायटिस ई येतो. तुमच्या रिपोर्टमध्ये आलाय तो हिपॅटायटिस बी. दोन्ही विषाणू यकृतावरच जातात, लोक दोन्हींना कावीळच म्हणतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ईचा घाव आईवर पडतो आणि तोही काही दिवसांत. बी गरोदरपणात आईला बहुतेक वेळा काहीच करत नाही. तो बाळंत होताना बाळाच्या अंगात जातो आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याचं यकृत खराब करतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत मला तुमच्या जिवाची धास्ती वाटत नाही. मला बाळाच्या जन्मानंतरच्या पहिल्या बारा तासांची काळजी आहे, आणि त्या बारा तासांची तयारी आजपासून करायची आहे.

घरात आता आणखी एक प्रश्न निघेल: हिला हे आलं कुठून? आपल्याकडे तो प्रश्न बाईकडे बोट दाखवूनच विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहिते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, पण आपल्या देशात आयुष्यभर बी घेऊन जगणाऱ्या बहुतेकांना तो जन्मताना आईकडून किंवा अगदी लहानपणी मिळालेला असतो. त्याशिवाय न उकळलेल्या सुया, जुन्या काळच्या काचेच्या सिरिंज, जत्रेतलं गोंदण, तपासणीविना दिलेलं रक्त हेही मार्ग होते. प्रौढ वयात लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांचं शरीर हा विषाणू स्वतःच हाकलून देतं. नवजात बाळाला लागण झाली तर उलट होतं: शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा ठाण मांडतो, आणि त्यांच्यापैकी साधारण चार-पाचांत एक जण पुढे सिऱ्हॉसिस (यकृत कडक होऊन आकसणं) किंवा यकृताच्या कर्करोगाने अकाली जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या अशा बी-बाधितांचा आकडा सुमारे ३ कोटी दिला आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळ्या नाही. यजमानांची तपासणी करायचीच आहे, पण तुमच्या आईची आणि भावंडांचीही करा. अनेकदा उत्तर माहेरीच सापडतं, आणि त्यात आईचाही काही दोष नसतो.

आता रिपोर्टकडे वळू. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे, एवढंच. जुने डॉक्टर त्याला अजून ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात आणि गावात लोक पांढरी कावीळ म्हणतात. किती विषाणू आहे आणि यकृताला त्रास होतोय का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आणखी काही तपासण्या याच आठवड्यात करून घ्या: एसजीपीटी आणि बिलिरुबिन (यकृताच्या तपासण्या), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटाची सोनोग्राफी करतानाच यकृतावर एक नजर, एचबी ई अँटिजेन, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे एचबीव्ही डीएनए, ज्याला सगळे व्हायरल लोड म्हणतात. यातल्या ‘ई अँटिजेन’चा हिपॅटायटिस ईशी काही संबंध नाही, तो बीचाच एक भाग आहे आणि तो पॉझिटिव्ह असला की रक्तात विषाणू भरपूर आहे असा त्याचा अर्थ. रिपोर्ट वाचून ‘डॉक्टर, मला आता बी आणि ई दोन्ही झालेत का’ असं रडत विचारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून आधीच सांगते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्या राहिल्या असतील तर त्याही करा.

व्हायरल लोड महागडी तपासणी आहे, पण तुम्हाला खिशातून खर्च करायची गरज नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या त्याच्या केंद्रांवर बी आणि सीच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. तुमच्या आशाताईंना किंवा सिस्टरना विचारा, त्या कुठे जायचं ते सांगतील.

व्हायरल लोडचा आकडा २ लाखांच्या वर आला किंवा ई अँटिजेन पॉझिटिव्ह निघाला, तर टेनोफोविर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची गोळी रोज एक सुरू करतात. साधारण २८ व्या आठवड्याच्या आत ती सुरू झालेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांनुसार तर दुसऱ्या तिमाहीपासूनच. तुम्ही सात महिन्यांच्या आहात, म्हणजे आता उशीर करून चालणार नाही. डीएनएचा रिपोर्ट यायला वेळ लागणार असेल तर त्याची वाट बघत महिना घालवू नका. ज्या ठिकाणी या दोन्ही तपासण्या मिळत नाहीत तिथे एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या सगळ्याच गरोदर स्त्रियांना ही गोळी देता येते, असं त्याच सूचनांत म्हटलं आहे. गोळीची भीती बाळगू नका. हेच औषध एचआयव्ही असलेल्या हजारो मातांनी जगभर गरोदरपणात घेतलं आहे आणि त्यामुळे बाळांमध्ये व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. एसजीपीटी वाढलेलं असेल किंवा सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसलं, तर मात्र प्रश्न बाळापुरता राहत नाही. तुमच्या स्वतःच्या उपचारासाठी पोटविकारतज्ज्ञांना दाखवावं लागेल.

आता त्या बारा तासांकडे येते. काहीच केलं नाही तर ई अँटिजेन पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण ७० ते ९० टक्के आहे. तो निगेटिव्ह असेल तर १० ते ४० टक्के. लागण बहुतांशी प्रसूतीच्या वेळीच होते, आईचं रक्त आणि स्राव बाळाच्या अंगाला, तोंडाला लागतात तेव्हा. म्हणून विषाणूने बाळाच्या यकृतात बस्तान बसवण्याआधी दोन इंजेक्शनं द्यायची. एक हिपॅटायटिस बीची लस, जी देशातल्या प्रत्येक बाळाला चोवीस तासांच्या आत मिळायला हवीच. दुसरं हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. हे बारा तासांच्या आत, लशीच्या विरुद्ध मांडीत. सुई टोचण्याआधी बाळाच्या अंगावरचं आईचं रक्त नीट पुसून, धुऊन घ्यायचं. या दोन्हींमुळे दहातली नऊ किंवा त्याहून अधिक बाळं वाचतात. जी तरीही निसटतात त्यांच्या आयांचा व्हायरल लोड बहुधा फार जास्त असतो, आणि तेवढ्यासाठीच ती टेनोफोविरची गोळी. तिन्ही गोष्टी वेळेवर झाल्या तर बाळाला लागण होणं ही फारच विरळा गोष्ट राहते.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात कुठे फसतं ते सांगते, कारण माझ्या मते या आजारात बाळं औषधाअभावी कमी आणि निरोपाअभावी जास्त गमावली जातात. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते, तपासण्या सासरच्या गावात झालेल्या, रिपोर्ट तिथल्या फाइलमध्ये. कधी ते मुद्दामच सोबत दिले जात नाहीत, ‘तिकडे कशाला कळायला हवं’ म्हणून. मग रात्री दोन वाजता कळा सुरू होतात, जवळच्या दवाखान्यात नेतात, तिथल्या सिस्टरना काहीच माहीत नसतं. सकाळी रिपोर्ट येतो, तेव्हा इम्युनोग्लोब्युलिनची शोधाशोध सुरू होते. हे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, महाग असतं, आणि तालुक्याच्या औषध दुकानात रविवारी ते मिळेलच असं नाही.

तुम्ही माहेरी जाणार असाल तर जाण्याआधी तिथलं रुग्णालय ठरवा. तिथल्या डॉक्टरांना आताच भेटा आणि सरळ विचारा: ‘बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन तुमच्याकडे असेल का, की आम्ही आणून ठेवायचं?’ सरकारी कार्यक्रमात ते मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातून ते कुठे आणि कसं मिळेल याची चौकशी नवव्या महिन्याच्या आत पूर्ण झालेली हवी. माता-बाल कार्डाच्या पहिल्याच पानावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह हे लाल शाईने लिहून घ्या. त्याची लाज वाटू देऊ नका, ती ओळ तुमच्या बाळाचं यकृत वाचवणार आहे. आणि समजा इतकं करूनही इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर मिळालं नाही, तर त्याच्यासाठी लस थांबवायची नाही. लस लगेच द्यायची. एकट्या लशीनेही बहुतांश बाळांचं रक्षण होतं. बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधीचं असलं तरी ही दोन्ही इंजेक्शनं चुकवायची नाहीत.

काही ठिकाणी रिपोर्ट पाहून बाळंतपण करायलाच नकार देतात, किंवा वॉर्डात बाजूला, कोपऱ्यातली खाट देतात. हे चुकीचं आहे. प्रत्येकच रुग्णाच्या वेळी हातमोजे घालायचे, सुया नीट हाताळायच्या आणि कर्मचाऱ्यांनी स्वतः बीची लस घेतलेली असायची, एवढी काळजी पुरेशी असते. तुम्हाला नकार मिळाला तर वाद घालण्यात वेळ न घालवता जिल्हा रुग्णालय गाठा.

सिझेरियनबद्दल: केवळ बी आहे म्हणून सिझेरियन करायचं नाही. दुसरं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. गर्भजलाची सुई घालून तपासणी वगैरे टाळता आली तर टाळतात, विशेषतः व्हायरल लोड जास्त असेल तेव्हा.

अंगावर पाजण्याबद्दल: पाजायचं. दोन इंजेक्शनं दिलेल्या बाळाला आईच्या दुधातून बी होत नाही, आणि टेनोफोविर चालू असतानाही पाजता येतं. पहिल्या तासातलं चिकाचं दूधसुद्धा द्यायचं, इंजेक्शनांची वाट बघत बाळाला उपाशी ठेवायचं नाही. सासूबाईंचा हेतू नातवंडाच्या भल्याचाच आहे, त्यामुळे त्यांना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. वरच्या दुधाच्या बाटलीने, गावातल्या पाण्याने खेड्यातल्या बाळाला जो जुलाबाचा धोका असतो तो यापेक्षा कितीतरी मोठा आहे. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत त्या बाजूचं दूध पिळून टाका, दुसऱ्या बाजूने पाजा.

आता त्या मुलीच्या आजाराबद्दल. बी असला म्हणून ई होणार नाही असं नाही, तुम्ही शेवटच्या तिमाहीत आहात आणि ती मुलगी शेजारच्याच गावातली होती. म्हणून हा भाग तुम्हीच काय, तुमच्या घरातल्या प्रत्येकाने वाचायला हवा.

हिपॅटायटिस ई विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, त्यामुळे पाणी कधी दूषित झालं हे बहुतेकांच्या लक्षातही नसतं. आपल्या देशाचा या विषाणूशी संबंध जुना आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढवलं होतं, त्यामुळे टायफॉईडची साथ आली नाही, पण हा विषाणू त्यातून पार झाला. गरोदर स्त्रिया जास्त दगावतात हे तेव्हाच लक्षात आलं होतं. त्या काळी ती ए विषाणूची साथ मानली गेली. साठवून ठेवलेल्या रक्ताची पुढे १९८० च्या सुमारास पुन्हा तपासणी झाली, त्यात पुण्याच्या विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञही होते, आणि ती एची नव्हती हे सिद्ध झालं. दरम्यान १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी तिथे घरोघरी केलेल्या पाहणीत कावीळ झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी पाचात एकीहून अधिक जणींचं यकृत एकाएकी निकामी झालेलं आढळलं, आणि त्याच गावांतल्या गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये असं एकीचंही झालं नव्हतं. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी साथ आली तीही ईचीच. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पोटातलं बाळ दगावतं, दिवसांआधी जन्मतं, जन्मलेल्या बाळालाही कावीळ होते, त्याची साखर उतरते, अंग गार पडतं.

हा आजार सुरुवातीला अगदी साधा दिसतो. ताप, मळमळ, अन्नाचा तिटकारा, अंग मोडून येणं. गरोदरपणात यातलं निम्मं तर नेहमीचंच वाटतं. मग लघवी गडद पिवळी, चहासारखी होते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, उद्यावर टाकायचं नाही. आणि खालीलपैकी काही दिसलं तर दिवसाचीही वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयातच जायचं: दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा इंजेक्शनच्या जागेतून रक्त येत राहणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं. ‘अशक्तपणामुळे झोपतेय, झोपू दे’ या वाक्याने अनेक तास वाया जातात. ती झोप यकृत निकामी होत असल्याची असू शकते.

‘मोठं रुग्णालय’ म्हणजे जिथे अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा कक्ष तिन्ही एका छताखाली आहेत. कारण या मुलींचं रक्त गोठत नाही, आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हेच अनेकींच्या मृत्यूचं कारण ठरतं. तिथे प्लाझ्मा देता येतो, रक्तातली साखर तासातासाला बघता येते, मेंदूवरची सूज आणि संसर्ग यांच्यावर लक्ष ठेवता येतं. ईवर गरोदरपणात देता येईल असं विषाणूनाशक औषध नाही. रिबाविरिन गर्भाला घातक आहे. त्यामुळे सगळी मदार या आधार देणाऱ्या उपचारांवर, आणि ते लवकर सुरू होण्यावर.

इथे डॉक्टरांसाठीही एक गोष्ट लिहून ठेवते, नातेवाइकांनाही ती कळलेली बरी. शेवटच्या महिन्यांतली प्रत्येक कावीळ विषाणूची नसते. गरोदरपणातच होणारं तीव्र ‘फॅटी लिव्हर’ आणि रक्तदाबाशी निगडित हेल्प सिंड्रोम (यात रक्तपेशी फुटतात, यकृत बिघडतं आणि प्लेटलेट घटतात) या दोन्हींमध्ये लवकर प्रसूती करणं हाच उपचार असतो. ईमध्ये घाईने प्रसूती करून यकृत सुधारत नाही, उलट रक्त गोठत नसताना केलेलं सिझेरियन जिवावर बेतू शकतं. चित्र वरवर सारखं, निर्णय अगदी उलटे. म्हणून रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट, साखर, प्रोथ्रोम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि ईची आयजीएम तपासणी (ताजी लागण दाखवणारी) या सगळ्या एकत्र बघाव्या लागतात. कोकणात आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंगी हेही डोक्यात ठेवावे लागतात. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज आणि काविळीचा अंश असेल तर तो पित्त साचण्याचा आजार असतो. त्यात आई सुखरूप राहते, पण बाळावर लक्ष ठेवावं लागतं. यकृताच्या रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फटेज मात्र गरोदरपणात वारेमुळे वाढलेलंच असतं, तेवढ्या एका आकड्यावरून घाबरू नका.

बचाव पाण्याचाच. पाणी खळखळ उकळून, काही मिनिटं तसंच राहू देऊन, झाकून थंड करून प्या. गढूळ पाण्यात नुसते मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब किंवा विहिरीत टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांच्यावर गरोदर बाईने विसंबू नये. क्लोरीन आवश्यक आहे, ग्रामपंचायतीने रोज ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणारी) करायलाच हवी, पण हा विषाणू क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाही हे दिल्लीने दाखवून दिलं आहे. रसवंतीचा बर्फ घातलेला रस, पाणीपुरी, बाहेरचं कापलेलं फळ बाळंत होईपर्यंत बंद. डोहाळजेवणाला बाहेरून सरबत किंवा बर्फ आणत असाल तर तोही नको. ईची एक लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतियूमधल्या साथीत गरोदर स्त्रियांनाही देण्यात आली. आपल्या लसीकरणात ती नाही.

झाडपाल्याच्या औषधाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. ते घेऊ नका. काविळीची माळ गळ्यात घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवणं’, नाकात थेंब टाकणं, मनगटावर डाग देणं, हे सगळं मी पाहिलं आहे. ए किंवा ईची कावीळ गरोदर नसलेल्या माणसाची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला मिळतं. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र ते आठ दिवस फार मोलाचे असतात, आणि काही पाले, मुळ्या यकृताला स्वतःच इजा करतात. तुमच्या बाबतीत तर उतरवायला कावीळच नाही! तेल, तूप, हळद बंद करून नुसता भात-मुळा खायलाही घालतील; त्याला काही आधार नाही. गरोदर बाईला उपाशी ठेवलं तर यकृतावरचा ताण वाढतो. तुम्ही वरण, भाजी, भाकरी, अंडी, दूध, जे पचतं ते सगळं खा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. दारू घरात कुणी औषध म्हणून देत असेल तर तीही नाही.

बाकीचे विषाणू थोडक्यात. ए पाण्यातूनच येतो, गरोदरपणात ईइतका भीषण होत नाही, बाळाला क्वचितच जातो. आजार जोराचा असला तर प्रसूती दिवसांआधी होऊ शकते. डी फक्त बी असणाऱ्यालाच होतो, त्यामुळे एसजीपीटी वाढलेलं असेल तर त्याची तपासणी सांगतील. सी रक्तातून पसरतो, बाळाला जाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास, आईला एचआयव्हीही असेल तर त्याच्या दुप्पट. सीवर लस नाही, पण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो शंभरात पंचाण्णव जणांचा पूर्ण बरा होतो. या गोळ्या गरोदरपणात सहसा देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात. सी असलेल्या आईच्या बाळाची अँटिबॉडी तपासणी दीड वर्षाआधी करू नये, कारण तोवर आईच्याच अँटिबॉडी दिसतात आणि घर विनाकारण हादरतं.

बाळंतपणानंतर तुमच्याकडे दुर्लक्ष होईल, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. गोळी सुरू केली असेल तर ती स्वतःहून थांबवू नका. डॉक्टर ती थांबवतील तेव्हा, आणि गोळी नसली तरीही, पुढचे सहा महिने अधूनमधून एसजीपीटी करायचं. प्रसूतीनंतर शरीराची प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होते आणि काही जणींत विषाणू एकदम उसळतो. त्यानंतर दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी, ती कायमची.

यजमान, सासू-सासरे, दीर, घरातली लहान मुलं, सगळ्यांचं एचबीएसएजी करून घ्या. ज्यांचं निगेटिव्ह येईल त्यांनी शून्य, एक आणि सहा महिन्यांनी बीची लस घ्यायची. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, बाळाचा मुका घेतल्याने हा आजार होत नाही. तुमची भांडी वेगळी काढायची काही गरज नाही. दात घासायचा ब्रश, वस्तरा, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं.

बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस तारखेला द्या, त्यात बीचे पुढचे डोस असतात. मग बाळ नऊ ते बारा महिन्यांचं झालं की त्याची दोन गोष्टींसाठी रक्ततपासणी करायची: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस, म्हणजे बीपासून वाचवणारी प्रतिपिंडं. नऊ महिन्यांच्या आत करू नका, इम्युनोग्लोब्युलिनमुळे चुकीचं चित्र दिसतं. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून अधिक आलं तर बाळ सुरक्षित आहे. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीएस १० पेक्षा कमी आलं तर लशीचे डोस पुन्हा द्यावे लागतात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर बालरोगतज्ज्ञांकडे नियमित दाखवायचं. ही तपासणी फार थोडे पालक करतात, कारण तोवर बाळ गुटगुटीत झालेलं असतं आणि फाइल माळ्यावर गेलेली असते. गोवराच्या लशीसाठी नवव्या महिन्यात जाल, तेव्हाच या तपासणीची चिठ्ठी लिहून मागा.